अर्धं घड्याळ

सदुसष्टाव्या वाढदिवसाला माझ्या मुलीने मला गोल्फ भेट दिलं. काठ्या, चेंडू, एक पांढरा हातमोजा आणि हे सगळं घालायला चाकांची भलीमोठी निळी पिशवी. वर लाल फीत बांधलेली. ही पिशवी तिने गॅरेजमध्ये नेमकी त्या भिंतीला टेकवून ठेवली होती, जिथे सकाळपर्यंत माझे तीन पतंग टांगलेले होते. खिळे तेवढे तसेच होते.

"पतंग कुठे आहेत?" मी विचारलं.

"आहेत ना. पोर्टलंडला, माझ्या गॅरेजमध्ये. एकदम सुरक्षित," मार्नी म्हणाली. "आधी केक कापूया का?"

मी खांद्याच्या व्यायामाला गेले होते तेव्हा तिने गाडी भरून पाठवली होती. आपल्या नवऱ्यालाही कामाला लावलं होतं. तो बिचारा माझ्या नजरेला नजर न देता मेणबत्त्या मोजत बसला होता. मी केक कापला, खाल्ला आणि कुणाशी एक शब्द बोलले नाही. वाढदिवस माझा होता, तोंड कुणाचं गोड करायचं ते मीच ठरवणार.

नदीकाठच्या आमच्या हूड रिव्हर गावात पतंग म्हटल्यावर कुणी पोरांचा खेळ समजत नाही. खोलीएवढं कापड, पुढच्या काठाला हवा भरलेली नळी, चार लांब दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला दांडी, ती कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली आणि पायाखाली फळी. वारा पतंग ओढतो आणि आपण नदीवरून सुटतो. मी एकावन्नाव्या वर्षी शिकले, नवरा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्याआधी जन्मभर शाळेची बस चालवली. साठ पोरांचा कालवा पाठीमागे घेऊन बर्फात बस चालवणाऱ्या बाईला वाऱ्याची काय भीती?

पण सप्टेंबरात माझ्याकडून चूक झाली. दोऱ्या जोडताना डावी उजवीकडे गेली आणि उजवी डावीकडे. पतंग धरून मिडोरी उभी होती. माझी जोडीदार, नासपतीच्या बागा सांभाळते, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी अंगठा वर केला, तिने केला, पतंग सुटला, आणि मी एकीकडे ओढतेय तर तो भलतीकडेच पळाला. गोट्यांवरून फरफटत गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं. ही चूक आमच्यात प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते. तिशीतल्या पोराने केली तर वर्षभर त्याची टिंगल करतात. साठी ओलांडलेल्या बाईने केली तर तिचा मेंदू तपासायला नेतात. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय.

मार्नीला नुसता दोष देऊन चालणार नाही, हेही मला कळतं. माझी आई शेवटी चमचा कशाला असतो ते विसरली होती. मार्नी तेव्हा शाळेत होती आणि संध्याकाळी आजीला तीच भरवायची. एकदा आजीने चपला ओव्हनमध्ये ठेवल्या आणि ओव्हन लावला. तो वास आम्हा दोघींच्या नाकातून अजून गेलेला नाही. तेव्हा ती घाबरते, ते खोटं नाही. पण घाबरणाऱ्याने दुसऱ्याचं घर रिकामं करायचं नसतं.

तर तपासणीला गेलो. बाहेर बसवून ठेवलं, म्हणून मी एका पाकिटाच्या पाठीवर अँटिगाचा किनारा काढत बसले. दर हिवाळ्यात आम्ही आठजण कुठल्या तरी उबदार बेटावर जातो, आणि या फेब्रुवारीत अँटिगाला जायचं ठरत होतं. वारा कुठून, प्रवाळाचे खडक कुठे, पाण्यात कुठून शिरायचं, यातच माझं डोकं होतं. तेवढ्यात आत बोलावलं. मार्नी शेजारच्या खुर्चीत, समोर एक हसतमुख नर्स. तिने कोरा कागद दिला आणि म्हणाली, "यावर घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असं दाखवा."

मी काढलं. खाली आडवी रेघ, तिच्यावर अर्धं वर्तुळ. डाव्या टोकाला नऊ, डोक्यावर बारा, उजव्या टोकाला तीन. अकराच्या किंचित पुढे छानसा पतंग. आमच्यात घड्याळ म्हणतात ते हे. बारावर पतंग म्हणजे थेट डोक्यावर, शांत. नऊ आणि तीन म्हणजे पाण्याला टेकलेला. मी अगदी मन लावून काढलं आणि दिलं.

नर्सने कागद फिरवून पाहिला. "बाकीचे आकडे?"

"ते पाण्याखाली," मी म्हटलं.

तिने काहीतरी लिहून घेतलं. मार्नीचा चेहरा पांढरा पडला होता. तो पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला हसू फुटलं. हसत हसत मी समजावू लागले, की अगं हे पतंगाचं घड्याळ आहे, पाण्याखाली वेळ नसते, चार-पाच-सहा वाजले म्हणजे आपण बुडालो. जितकं समजावावं तितकं ते दोघींना वेड्यासारखं वाटत गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. डॉक्टर आले, गोड बोलले, एप्रिलमध्ये पुन्हा बघू म्हणाले. गाडीत बसल्यावर मार्नीने सांगून टाकलं, एप्रिलपर्यंत पतंग नाही आणि अँटिगाही नाही.

आणि मग वाढदिवसाला गोल्फ.

त्या कागदाची एक प्रत मला मिळाली होती. मी ती फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावली. लपवायचं कशाला? पुढच्या गुरुवारी अँटिगाची बैठक माझ्याच घरी होती. पावसाळी गारठ्यात आमची मंडळी आली, कुणी राजम्याची तिखट चिली आणली, कुणी मक्याचा पाव, मिडोरीने नासपतीचा केक. बैठकीचा आमचा एक जुना नियम आहे. आधी जोड्या ठरतात, मग खोल्या, मग बाकी सगळं. कारण वाळूवर एकट्याने पतंग सोडायचा नाही. एकजण दांडी धरतो, दुसरा पतंग. दुसऱ्याने अंगठा दाखवल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही, मग तो कितीही शहाणा असो.

दूध काढायला ड्वेन फ्रिजकडे गेला. ड्वेन दातांचा डॉक्टर, बोलायला फटकळ. दारापाशी थांबून म्हणाला, "हा कुठला किनारा? अकरावर धरलायस तर डावीकडे निघालीस. मग उजवीकडे खडक दाखव की."

बाकीचे जमले. वारा बाजूचा की समोरचा, पतंग नऊ चौरस मीटरचा की सातचा, यावर चांगला वाद झाला. उरलेले आकडे कुठे गेले, हे सातजणांतल्या एकानेही विचारलं नाही. मग मी त्यांना सांगितलं कागद कुठला आहे ते. आधी घर हादरेल एवढे हसले. मग एकेकाचं हसू आटलं.

"तरीपण," ड्वेन चमचा चाटत म्हणाला, "खांदा आत्ताच बरा झालाय. या वेळी तू नुसती ये ना. वाळूवर बस, मस्त फोटो काढ आमचे. कुणालातरी काढावेच लागतात."

"तू काढ. तुला पाण्यात बघण्यापेक्षा तेच बरं दिसेल," मी म्हटलं. "जोडी लिही, नोरीन आणि मिडोरी."

"पण तुझे पतंग तर पोर्टलंडला आहेत."

"पोर्टलंड काय चंद्रावर आहे?"

जाताना ड्वेनने गॅरेजमध्ये ती निळी पिशवी पाहिली आणि तिथेच बसकण मारून हसत सुटला. आमच्या खेळातली गोष्ट अशी, की विमानतळावर पतंग म्हटलं की हजार प्रश्न. हे काय, किती लांब, कशाला, वेगळं भाडं भरा. गोल्फ म्हटलं की या साहेब. म्हणून गावातल्या प्रत्येक पतंगवाल्याकडे गोल्फची पिशवी असते आणि चेंडू एकाकडेही नसतो. ड्वेन डोळे पुसत म्हणाला, "पोरीने तुला जाऊ नको म्हणून दिली, आणि दिली ती नेमकी प्रवासाचीच पिशवी. चाकं पण आहेत गं."

सगळे गेल्यावर मिडोरी भांडी पुसायला थांबली. ती कमी बोलते, म्हणून बोलली की ऐकावं लागतं.

"नर्स घड्याळ म्हणाली होती, नोरीन. किनारा नव्हती म्हणाली."

"माझं डोकं अँटिगात होतं."

"असेल. मीही त्या दिवशी दोऱ्या न बघता अंगठा दिला. माझं डोकं बागेतल्या कामगारांत होतं." तिने ताटली जागेवर ठेवली. "आता बघेन. प्रत्येक वेळी चारही. तू चिडशील."

"चिडेनच."

"चीड मग."

मंगळवारी मार्नी कामावर असते. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, कारण ती गावाला गेली की तिच्या कुत्र्याला मीच सांभाळते. निळी पिशवी गाडीत टाकून नदीच्या काठाकाठाने मी पोर्टलंडला गेले. शेंडी तुटो की पारंबी तुटो, माझे पतंग मी आणणार होते. गॅरेज उघडलं. तिने ते कपाटावर नीट घड्या करून ठेवले होते, वर जुनी चादरही घातलेली. कुत्रा शेपूट हलवत बघत होता. निळ्या पिशवीतून मी काठ्या एकेक काढल्या आणि त्याच भिंतीला ओळीने टेकवल्या, बाजूला चेंडू, वर पांढरा हातमोजा. लाल फीत मी जपून ठेवली होती, ती काठ्यांना बांधली. पतंग, दांडी, पंप, पट्टा असं सगळं पिशवीत गेलं, आणि अजून जागा उरली.

परत येताना मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. चोरीमुळे नव्हे. मला वाटत होतं, मिडोरी म्हणते ते खरं असेल तर? आई पहिल्यांदा चुकली तेव्हा तीही हसलीच होती आणि तिनेही समजावलं होतं. तिचंही कारण दर वेळी पटण्यासारखंच असायचं. मला भीती वाटत होती आणि ती मी कुणाला सांगणार नव्हते. घर येईपर्यंत गाडी मी नेहमीपेक्षा हळू चालवली.

शनिवारी सकाळी मार्नी दारात उभी. हातात तो पांढरा हातमोजा.

"तू माझ्या घरात घुसलीस."

"तू माझ्या घरात घुसलीस आधी. चोराच्या उलट्या बोंबा नकोत."

"आई, मी मस्करी करत नाहीये."

"मग मी करतेय का? बस. कॉफी घे."

ती बसली नाही. फ्रिजच्या दाराकडे गेली, तो कागद बघितला आणि वळली. "हे तू लावून ठेवलंयस? लोकांना दाखवायला?"

"चित्र चांगलं आलंय."

"आजीने चपला भाजल्या तेव्हा मी पंधरा वर्षांची होते," ती म्हणाली. "खिडक्या मी उघडल्या. तू कामावर होतीस. मला ते पुन्हा नाही करायचं. आणि तू पाण्यात असशील, हजारो मैलांवर, आणि मला फोन येईल."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"मला काही झालेलं नाही असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही. तुलाही नाही आणि त्या डॉक्टरलाही नाही. पण जर विसरायचंच असेल ना, तर आधी विसरण्यासारखं काहीतरी कमवून घेते. गोल्फच्या मैदानावर छत्री धरून वाट बघत बसणार नाही. माझ्या आईला आपण खुर्चीत बसवलं, मार्नी. तिच्या भल्यासाठी. ती त्याच खुर्चीत संपली."

खिडकीबाहेर झाडं पश्चिमेकडे झुकली होती, हिवाळ्यातला पूर्वेचा वारा सुटला होता.

"चल वाळूवर," मी म्हटलं.

"कशाला?"

"सोळा वर्षं तू गाडीत बसून बघतेस. आज पतंग धर."

ती आली. का आली ते मला ठाऊक नाही, बहुतेक मी एकटी जाईन म्हणून. नदीच्या मुखाशी वाळूवर चिटपाखरू नव्हतं. मी सगळ्यात लहान पतंग घेतला. पाण्यात जायचंच नव्हतं, उडवायचा आणि उतरवायचा, एवढंच. मी हवा भरली, दोऱ्या पसरल्या आणि तिला सांगितलं, "पतंगाच्या या टोकाला तांबडी गाठ आहे, त्या टोकाला निळी. तांबडी दोरी तांबडीला, निळी निळीला. बरोबर वाटलं तर अंगठा वर करायचा आणि सोडायचा. नाही वाटलं तर नाही करायचा."

"आणि मी केलाच नाही तर?"

"तर मी उडवणार नाही."

"उगाच नाही केला तरी?"

"तरी. हा नियम माझा नाही, सगळ्यांचा आहे. वाळूवर पतंग धरणाऱ्याचं चालतं."

तिने माझ्याकडे एकदा रोखून बघितलं. एवढी सत्ता मी तिला आजवर कधी दिली नव्हती, हे तिला कळलं असणार. मी गार बोटांनी दोऱ्या जोडल्या, चालत दुसऱ्या टोकाला गेले, दांडी पट्ट्याला अडकवली आणि मागे सरकून दोऱ्या ताणल्या. पतंग तिच्या हातात फडफडत उभा राहिला. मी अंगठा वर केला.

मार्नीने नाही केला.

मी थांबले. पुन्हा केला. ती पतंगाच्या टोकाकडे बघत होती, मग दुसऱ्या टोकाकडे, मग माझ्याकडे. आता ही आडमुठी कार्टी मला इथे दुपारपर्यंत उभी करणार, असं म्हणून मी ओरडलेही, पण तेवढ्या वाऱ्यात कुणाचं कुणाला ऐकू येतं? तिने मान हलवली आणि बोट दाखवलं.

मी दांडी सोडवून चालत गेले. तांबडी दोरी निळ्या गाठीत होती.

नंतर मी सांगू शकले असते, की मुद्दामच केलं होतं, तुझी परीक्षा घेत होते. तिनेही मानलं असतं, तिला मानायचंच होतं. पण मी मुद्दाम केलं नव्हतं. मार्नीचे डोळे भरले होते आणि ती पतंग घट्ट धरून उभी होती.

"आई, तांबडी इकडे आलीय."

"हो. आलीय," मी म्हटलं. "म्हणून तर वाळूवर दोन माणसं लागतात."

मी दोऱ्या सोडल्या आणि पुन्हा जोडल्या. एकमेकींकडे बघणं दोघींनीही टाळलं. परत चालत गेले, दांडी अडकवली, दोऱ्या ताणल्या. पुन्हा अंगठा वर केला. मार्नीने घाई केली नाही. चारही दोऱ्यांवरून तिने बोट फिरवलं, एक झाली की दुसरी, मग पुन्हा पहिली. मला एवढा राग येत होता आणि एवढं बरं वाटत होतं, की दोन्ही एकदम कसं मावतं ते मला आजही सांगता येणार नाही.

मग तिने पाय रोवले आणि अंगठा वर केला. परवानगी मी मागितली नव्हती आणि तिने ती दिलीही नाही. तिने दोऱ्या बघितल्या आणि त्या बरोबर होत्या, एवढंच.

पतंग तीनवरून उठला, दोन, एक, आणि डोक्यावर बारावर जाऊन थांबला. खांदा दुखला. मी त्याला थोडा वेळ तिथेच धरून ठेवलं. मार्नी चालत माझ्याजवळ आली आणि मान वर करून बघत राहिली.

"अँटिगात पतंग कोण धरणार तुझा?"

"मिडोरी."

"ती बघत नाही."

"आता बघणार म्हणालीय."

"म्हणालीय," मार्नी नाक पुसत म्हणाली. "तिचा फोन नंबर दे मला. नुसतं बघून चालत नाही. बोट फिरवून बघावं लागतं."

नंबर मी दिला. गोल्फच्या काठ्या अजून तिच्याकडेच आहेत, जावई म्हणे अंगणात चेंडू मारतो आणि कुत्रा ते आणून देतो. निळी पिशवी माझ्या गॅरेजमध्ये भरून उभी आहे. एप्रिलमध्ये ती तपासणी आहे. मी जाईन. गोल घड्याळ काढेन, पाण्याखालच्या आकड्यांसकट, आणि तेव्हा जे निघायचं ते निघू दे. पण फेब्रुवारी एप्रिलच्या आधी येतो.